तीन खड्डे

विश्रामबागेतल्या घरापुढं
दहा बाय बारा जागा उरली.
गाडी काही आम्ही घेणार नव्हतो.
शिवलीला म्हणाली, गुलाब. जुने. आणि तीनच;
चौथा लावलात तर कपडे कुठं वाळत घालू?

मी तीन खड्डे खणले.
तळाला विटांचे तुकडे, वर शेणखत,
आणि पाटीभर पुराचा गाळ,
सांगलवाडीच्या भाच्यानं पोत्यातनं आणलेला:
"घर धुतलं मामा, हे राहिलं."

मिरज रस्त्याला दस्तगीर नदाफांची नर्सरी.
पुढच्या रांगेत डच, ओंजळीएवढी फुलं,
प्रत्येकाच्या गळ्यात नावाची चिठ्ठी,
बदलून आलेल्या साहेबाच्या टेबलावर पाटी असावी तशी.
मागं, हौदापाशी, बिनचिठ्ठीचे.
"ह्याचं नाव काय?"
"नाव काय करायचंय दिवाणजी, हुंगा की."

इथंच अडलं.

एकतीस वर्षं मार्केट यार्डात,
हळदीच्या अडतीवर, मी नाकावर जेवलो.
पोतं न उसवता सांगायचो
राजापुरी कुठली, सेलम कुठली,
कुठल्या पेवात पाणी शिरलं होतं.
मग तो ताप आला, सगळ्यांना आला तेव्हा.
सगळ्यांचा गेला. माझाही गेला,
जाताना वास घेऊन गेला.
डॉक्टर म्हणाले, येईल. लवंग हुंगा, कापूर हुंगा.
तीन वर्षं रोज सकाळी
डबीत तोंड घालून मी
कोणी राहत नसलेल्या घराची कडी वाजवतो.

हे नदाफांना काय सांगणार?
फूल नाकाशी धरलं, मान डोलावली,
खोटं बोललो.

शिवलीलेनं पाहिलं. बोलली नाही.
पुढचं फूल तिनंच ओढून घेतलं.
तेव्हापासून मी फुलं बघायचं सोडलं,
तिचं तोंड बघत राहिलो.

गावठी गुलाबी: पापण्या मिटल्या
आणि उघडायला वेळ लागला.
घेतला.
"दुपारपतुर पाकळ्या गळत्यात," नदाफ म्हणाले,
"पर गुलकंद ह्याचाच. डचाचा कुणी घालतंय व्हय?"

एडवर्ड: भुवया वर, ओठ किंचित दुमडलेले,
बुडीत येणं वसूल झाल्यासारखे.
"ह्याच्या खुंटावर अख्ख्या गावानं डोळे भरले
आणि ह्यालाच विसरलं. वरचा मेला की
हाच खालनं फुटतो, बघा."
घेतला.

पांढरी सेवती: ती शिंकली.
दोनदा. हौदावरची मांजर पळाली.
मधमाशी म्हणत होती घ्या, शिंक म्हणत होती नको,
आणि खड्डा एकच शिल्लक.

तिसरा मी माझ्या मनानं उचलला.
बटण गुलाब. बोराएवढा, गर्द, झुबक्यानं येणारा.
तिनं हुंगला. पुन्हा हुंगला.
"अहो, ह्याला वासच नाही."
"माहितीय," म्हणालो.
ह्याच्यापुढं तरी आपण दोघं सारखे,
हे म्हणालो नाही.

काल, मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात,
गावठीला पहिलं फूल आलं.
मी पाईप गुंडाळत होतो. ती वाकली.
पापण्या.
"कसाय?"
"गोड."
"असं नाही चालायचं. मालाचं नीट वर्णन पाहिजे."
"आपल्या लग्नातल्या गुलाबदाणीसारखा... छे,
ते नुसतं पाणी होतं, तुमच्या काकांची काटकसर.
वेलदोडा सोलल्यावर बोटाला राहतो ना,
त्याच्या जवळपास. पण शेजारच्या खोलीत
कुणीतरी नुकताच पेरू कापलाय, आणि..."

साडीचा काठ बटण गुलाबाच्या काट्यात अडकला होता,
दोघांचंही लक्ष नव्हतं.
"थांबा," ती म्हणाली, "काहीतरी चुकतंय,"
आणि परत वाकली.